शेवंती मागच्या खोलीत

१८ जुलै, शुक्रवार

शेवंतीनं आजही काही खाल्लं नाही. दूध हुंगलं आणि मान फिरवली. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. धुतलेल्या तांदळासारख्या पांढऱ्या. ताडून पाहावं म्हणून झेंडूच्याही पाहिल्या. गुलाबी आहेत. तो चावला.

आई कणीक मळता मळता म्हणाली, "मांजराचे दात काहून पाहून राहिला? लग्न जुळवायचं हाय का त्याचं?"

संध्याकाळी शेवंतीला डॉक्टर मॅडमकडे नेलं. ताप आहे, रक्त कमी आहे, मानेखालच्या गाठी सुजल्या आहेत. मॅडमना एका रोगाचा संशय आहे, पण तपासणीचं किट त्यांच्याकडे संपलंय. म्हणाल्या, अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात जा आणि दोघांना घेऊन जा. मी म्हणालो, झेंडूला काहीच झालेलं नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

रोगाचं नाव कागदावर लिहून मागितलं. घरी येऊन नीट उतरवून घेतलं. फेलाइन ल्युकेमिया. मांजरांचा ल्युकेमिया.


२१ जुलै, सोमवार. अकोला, ताईच्या घरी

फुलांच्या दोन टोपल्या घेतल्या, प्रत्येकीवर दुसरी पालथी घालून सुतळीनं बांधली. बडनेऱ्याहून गाडी. समोरच्या बाईनं विचारलं, "कोंबड्या हायेत का भाऊ?"

"नाही मावशी, मांजरं."

"मांजरं? मंग कायले नेता? अकोल्यात मांजरं सरले का?"

डबा हसला. झेंडू मूर्तिजापूरपर्यंत ओरडत होता. शेवंती गप्प. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दवाखान्यात पायाची शीर धरून दोघांचं रक्त काढलं. पट्टीवर एक थेंब टाकायचा आणि थांबायचं. झेंडूच्या पट्टीवर एक रेघ. शेवंतीच्या दोन. दुसरी फिकी असेल म्हणून मी वाकून पाहिलं. फिकी नव्हती.

तिथले डॉक्टर वयस्क आहेत, सावकाश बोलतात. त्यांनी सांगितलेलं विसरायच्या आत लिहितो. हा रोग मांजरांचाच, माणसाला किंवा कुत्र्याला होत नाही. लाळेतून जातो, म्हणजे एकमेकांना चाटणं, एका ताटलीत खाणं, चावणं. मुळावर औषध नाही. ताप आला तर तापाचं, अंगात रक्त कमी झालं तर त्याचं. तिला शांत ठेवायचं. लस आपल्याकडे सहजी मिळत नाही.

"किती दिवस, सर?"

"काही मांजरं काही महिने काढतात, काही काही वर्षं. आकडा सांगून मी तुम्हाला फसवणार नाही."

झेंडू तिच्यासोबत राहिलाय, म्हणून त्याच्या एका रेघेवर आज विश्वास ठेवायचा नाही. सहा आठवडे दोघं पूर्ण वेगळी, मग त्याची पुन्हा तपासणी. मोठ्या मांजराचं शरीर कधी कधी रोग परतवून लावतं. कधी कधी, असं ते दोनदा म्हणाले.

रात्री ताई म्हणाली, "झेंडूले इथंच सोड ना बावा. माह्या घरी उंदरं हायेत अन् मांजर नाही."

मी नाही म्हणालो. बाबांना काय सांगू? बाबा हार ओवायला बसले की झेंडू त्यांच्या दोऱ्याच्या रिळावर जाऊन झोपतो. बाबा त्याला मालक म्हणतात. "मालक, उठा. दोरा द्या." सकाळी देवळाबाहेर दुकान लावायला निघतात तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत तो मागं जातो.


२२ जुलै

घरी सांगितलं. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "दोघांचे ताटं येगळे कर." एवढंच.

शेवंतीला मागच्या खोलीत ठेवलं. तिची ताटली, पाण्याचं भांडं, रेतीचं घमेलं, गोधडी सगळं वेगळं. खोलीत जाताना घालायचा जुना शर्ट दाराच्या खिळ्याला. हात साबणानं धुतल्याशिवाय झेंडूला शिवायचं नाही. कडी लावली. मोरीपर्यंत गेलो आणि परत येऊन पाहिली. लावलेलीच होती.

आई: "अन् थे एकटीच राहीन आत?"

हो.

"कोंडून?"

वेगळी ठेवून, म्हणालो. आईनं तोंड वाकडं केलं.


२४ जुलै

दोघं दाराच्या दोन बाजूंना बसतात. झेंडू पंजा दाराखालून आत घालतो. शे. आतून त्याला हुंगते, चाटतेही असेल. फटीत पोत्याची गुंडाळी करून ठोकली.

मग त्यानं ओरडायला सुरुवात केली. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "कोणाचं लेकरू हाय व्हय?"


२७ जुलै

श्रावण लागला. शे.ला काळजी द्यायला सांगितलीय, कोंबडीची, उकडून. (काळजी म्हणजे काळीज. लिहितानाही चुकतो, मनात दुसरंच असतं.) आमच्याकडे श्रावणात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आईला विचारायला धीर होईना. शेवटी तिनंच विचारलं, डॉक्टरीण बाई काय द्या म्हणे. सांगितलं.

बराच वेळ भांडी घासत राहिली. मग: "गच्चीवर शिजव. भांडं खाली आणू नको. अन् मले सांगू नको कवा शिजवलं थे."

गच्चीवर पत्र्याची खोली आहे, फुलांच्या रिकाम्या टोपल्या ठेवायची. तिच्या आडोशाला तीन विटा मांडल्या. शे.नं थोडं खाल्लं, आठवड्यात पहिल्यांदा. बोटाला लावून चाटवलं. तिची जीभ खरखरीत आहे अजून, म्हणजे बरं असावं का? मॅडमना विचारायचं.


५ ऑगस्ट

ताप उतरला. हिरड्यांना किंचित रंग. की मला दिसतोय तसा? उजेडात नेऊन पाहिलं, आईला दाखवलं. आई म्हणाली, "हाय, हाय. रोज पाहशीन तं पिकला आंबा बी हिरवा दिसीन."

झेंडू आता कमी ओरडतो. त्याचं कमी ओरडणं मला आवडत नाही. त्याचं वजन, खाणं, शी सगळं ठीक.


१४ ऑगस्ट

मॅडम म्हणाल्या, तब्येत धरतेय. एकदम आनंदी होऊ नका.

झालो नव्हतो. पण घरी येताना सायकल जरा जोरात मारली.


२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. दुकानात बैलांच्या माळांची गर्दी. बाबांचा आवाज बसला. घरी आल्यावर ते मागच्या खोलीच्या दाराशी थांबले आणि खिडकीच्या गजातून पाहिलं. शे. खिडकीत चढून बसली होती. इतकी उंच उडी तिनं महिन्यात मारली नव्हती.

"बरी दिसते," बाबा म्हणाले. मग झेंडूला, "चला मालक." जणू त्याला ते दाखवायलाच आणलं होतं.


२४ ऑगस्ट

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आई सकाळी म्हणाली, मागची खोली रिकामी करून दे, सारवण-पोतेरं करायचं हाय. महालक्ष्म्या तिथंच बसतात, आजीच्या वेळेपासून. मखराचे खिळेही त्याच भिंतीत आहेत.

समोरच्या खोलीत बसवू, म्हणालो.

"जागा बदलत नाही त्यांची. दोघी बहिणी वर्षातून एकदा मायघरी येतात, अन् आपण त्यांले दुसरीच खोली दाखवाची का?"

वाद घातला नाही. झेंडूची तपासणी चार सप्टेंबरला ठरवलीय, सण आटोपला की लगेच. सहा आठवडे त्याआधीच पुरे होतात. आता थोडक्यासाठी काही चुकायला नको.

शे.ला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायचं. दुपारी पत्रा तापतो. त्यावर ओली पोती टाकावी लागतील.


३० ऑगस्ट

शे.ला वर नेलं. टोपल्या एका बाजूला लावल्या. तिनं सगळ्या हुंगल्या आणि एका शेवंतीच्या टोपलीत जाऊन बसली. झेंडू जिन्याखाली बसून वर पाहत राहिला. गच्चीचं दार बंद, पत्र्याच्या खोलीची कडी बंद. आईला तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेलो तर म्हणाली, "मी काय लहान हाओ का रे?"


३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या आल्या. आईनं उंबऱ्यापासून मखरापर्यंत कुंकवाची पावलं काढली. मुखवटे, साड्या, पुढ्यात त्यांची दोन लेकरं. मी आणि बाबा फक्त फुलं पोचवायला घरी आलो आणि परत दुकानात. एवढी गर्दी वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी नसते.

शे. वर ठीक. पोती ओली केली.


१ सप्टेंबर, सोमवार

जेवायला म्हणून दुपारी घरी आलो. बायका जेवून गेल्या होत्या. मागच्या खोलीत मखरापुढे शेवंती आणि झेंडू एका ताटलीत खात होते. दुधात कुस्करलेली पुरणपोळी. संपतच आली होती. मग झेंडूनं तोंड वर केलं आणि शे.चा कान चाटायला लागला. नंतर मान, नंतर डोळे. ती डोळे मिटून उभी.

आई पाटावर बसून पाहत होती. हसत होती. मला पाहून म्हणाली, "पाय बरं, कसे भेटले."

झेंडूला उचललं, मोरीवर नेलं, त्याचं तोंड पाण्यानं धुतलं. त्यानं काही होत नाही हे मला माहीत आहे. तरी धुतलं. साबण घेतला आणि ठेवला.

आई मागं आली. आता हसत नव्हती.

"थे वरून रडून राहिली होती. हा जिन्यात. सकाळपासून. घरात दोघी बहिणी भेटून राहिल्या, सगळ्या गल्लीतल्या लेकीबाळी जेवून गेल्या, अन् या दोघांले दाराआड ठेवाचं? सणाच्या दिवशी घरातलं कोणी कोंडून उपाशी ठेवू नाही रे. मले वाटलं, एक डाव..."

एक डाव पुरतं, म्हणालो. आवाज चढला होता. मखरासमोर असं बोलायला नको होतं.

जेवलो नाही. दुकानात बाबांना सांगितलं. बाबा हार बांधत होते, बांधतच राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "तिले बोललास का?"

हो.

"मंग आता मी बोलत नाही."


२ सप्टेंबर

महालक्ष्म्यांची पाठवणी. मुखवटे कपड्यात गुंडाळताना आई म्हणाली, माझ्याकडे न पाहता, "मले मालूम नव्हतं, चाटल्यानं जाते म्हणून. तू ताट येगळं म्हणत होता. मले वाटलं, उष्ट्याचं हाय. देवापुढचा प्रसाद उष्टा होत नाही."

मी तिला लाळ म्हणालो होतो, वारंवार. की ताटलीच म्हणालो? आता आठवत नाही.

"चाटूनच तं लेकरं मोठे होतात त्यायचे," ती म्हणाली.


३ सप्टेंबर

मॅडम. "किती वेळ एकत्र होती?"

माहीत नाही. ताटली रिकामी होत आली होती.

आता लगेच तपासून उपयोग नाही, रोग शिरला असेल तर रक्तात दिसायला वेळ लागतो. उद्याचं अकोला रद्द. सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून. ऑक्टोबरच्या मध्यावर न्यायचं.

शे. मागच्या खोलीत परत. दार, कडी, शर्ट. दाराखालचं पोतं.


६ सप्टेंबर

आज सकाळी पाहिलं तर आईनं साडीवरून एक जुनं लुगडं गुंडाळलेलं. ती आत शे.जवळ होती. बाहेर आली, लुगडं उतरवून माझ्या शर्टाशेजारी खिळ्याला लावलं, मोरीवर हात कोपरापर्यंत धुतले, पाय धुतले, मग झेंडूला दूध दिलं.

"हे तं सोवळंच हाय," म्हणाली. "नैवेद्याच्या स्वयंपाकाले कसं, इकडचं तिकडं शिवायचं नाही. तू असं आधी सांगितलं असतं तं मी काहून चुकली असती? तू आपलं लाळ, रक्त, अमकं ढमकं."

मला सुचलं नव्हतं. खरंच नव्हतं सुचलं.


९ सप्टेंबर

मला ओरडा बसला. शे.चा फडका मी दोरीवर झेंडूच्या फडक्याला लागून वाळत घातला होता. "शिवला ना रे तो त्याले. काढ. दोन्ही पुन्हा धुव." मी सांगितलं की वाळल्यावर हा रोग टिकत नाही, साबणानंही जातो. आई म्हणाली, "तुह्या पुस्तकात जात असीन."

धुतले.


१७ सप्टेंबर

शे.ला पुन्हा ताप. दोन दिवस पाणीसुद्धा नाही. मॅडमनी कातडीखाली सलाईन दिलं, पाठीवर उंटासारखा उंचवटा आला. सकाळी दुकान, दुपारी तिला घेऊन दवाखाना. बाबा एकटेच दुकान पाहतात, तक्रार नाही.


१९ सप्टेंबर

तोंडात फोड. खायला जाते आणि मागं सरकते. भूक आहे, तोंड नाही.

मॅडम म्हणाल्या, फार त्रास व्हायला लागला तर आणखी एक मार्ग असतो, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते, आज नाही. मी म्हणालो, बरं. बाहेर येऊन सायकलचं कुलूप उघडता येईना. चावी उलटी घालत होतो.

आईला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "डॉक्टरीण चांगली हाय." मग: "आज नाही म्हणे ना?"

आज नाही.

"मंग झालं."


२१ सप्टेंबर

पितृपक्षातली अमावस्या. आईनं कावळ्याचा घास गच्चीवर ठेवला. खाली येताना माझं भांडं घेऊन आली. ते विटांवरचं, काळजाचं.

"वर गार व्हते," म्हणाली. "तिले कोमट पायजे. तोंडाले लागते." भांडं तिनं ओट्यावर ठेवलं नाही, मोरीच्या कडेला ठेवलं. पण घरात आणलं.

मिक्सरमधून काढून पातळ केलं. सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडं थोडं. गिळलं.


२६ सप्टेंबर

फोडांचं औषध लागू पडलं. आज स्वतःहून चाटलं ताटलीतलं. मग स्वतःचा पंजा चाटला. खूप दिवसांनी अंग साफ करताना दिसली. पाठीपर्यंत मान वळत नाही, थकते. मी ओल्या फडक्यानं पाठ पुसून दिली. आधी हे काम झेंडूचं होतं.


२ ऑक्टोबर

दसरा. दुकानात दोन दिवस झेंडूच झेंडू, फुलं. बाबांचे हात पिवळे. घरी आले तर आमच्या झेंडूनं त्यांचे हात हुंगले आणि शिंकला. बाबा हसले. "मालक, तुमच्याच नावाचं हाय."

सोनं द्यायला शेजारच्या काकू आल्या. विचारलं, "थे जितीच हाय का अजून?" वाईट भावनेनं नाही. आई म्हणाली, "हाय. सोनं द्या तिचंही." काकूंनी आपट्याचं एक पान दिलं. आईनं ते दाराच्या कडीत खोचलं.


८ ऑक्टोबर

झेंडू काल जेवला नाही. हिरड्या पाहिल्या. सकाळी पाहिल्या, दुपारी पाहिल्या. गुलाबी. पण शे.च्याही आधी गुलाबीच असतील. मानेखाली बोटं फिरवली, गाठ लागली असं वाटलं. दुसऱ्या बाजूलाही तशीच. मग ती तशीच असते का? स्वतःच्या मानेला हात लावून पाहिला. मला काय कळतं?

आज खाल्लं. आईनं सांगितलं, काल काकूंकडे त्यानं उंदीर मारला होता.


१३ ऑक्टोबर, सोमवार. अकोला

बाबा काल म्हणाले, "या खेपेले मी येतो." दुकानाला त्यांनी आजवर आजारपणाशिवाय सुट्टी दिलेली नाही. दिवाळी तोंडावर.

टोपली त्यांनीच धरली, पूर्ण रस्ता मांडीवर. झेंडू ओरडला नाही. टोपलीच्या भोकातून बाबांचं बोट आत.

तेच डॉक्टर. तीच पट्टी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. बाबांना वाचता येत नाही पण रेघ मोजता येते. ते म्हणाले, "एकच हाय."

एकच आहे.

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं, उजेडात धरलं. म्हणाले, चांगली बातमी आहे. खात्रीसाठी थंडी संपता संपता आणखी एकदा पाहू, पण चांगली आहे. मग शे.चं विचारलं. मी सगळं सांगितलं, महालक्ष्म्यांचंही. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"हा वाचला, तो तुमच्या नशिबानं म्हणा किंवा त्याच्या अंगच्या ताकदीनं. दुसऱ्यांदा असं झालं तर मी सांगू शकत नाही. आणि दार तरी किती दिवस लावणार? ती आत एकटी, हा बाहेर. तिला शांत ठेवा म्हणालो होतो मी. शांत आहे का ती?"

नाही. ती दार खरवडते.

ताईकडे जेवलो. ताटं उचलल्यावर ताई म्हणाली, "मी तं जुलैमंधीच म्हणत होती."

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू सांग. मले यातलं समजत नाही. त्यायचा डॉक्टर तू हाय."

शे.ला आणता येत नाही इकडे, तिला मॅडम जवळ हव्यात, प्रवास झेपणार नाही. आणि झेंडू घरी असेपर्यंत दार उघडता येत नाही. दिवाळीत पाहुणे येतील, कोणीतरी कडी काढेल. कोणीतरी म्हणजे मीही. हे सगळं बोललो नाही. एवढंच म्हणालो, झेंडूला इथं राहू द्या.

बाबा उठले. खांद्यावरचा दुपट्टा टोपलीत टाकला, झेंडूच्या खाली सारला. ताईला म्हणाले, "दोन-चार दिवस बाहेर सोडू नको. वाट धरीन घराची. अन् दोरा दिसला का त्यावर जाऊन बसते, हाकलू नको."

"नाही हाकलत, बाबा."

"मालक म्हटलं का येते."

परतीच्या गाडीत रिकामी जागा होती तरी बाबा दाराशी उभे राहिले. ऊन त्यांच्या उघड्या खांद्यावर. बडनेऱ्याला उतरताना म्हणाले, "बरं केलं तू." मग पुढं चालायला लागले.


१४ ऑक्टोबर

सकाळी मागच्या खोलीचं दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. पोतं काढलं. शर्ट आणि लुगडं धुवायला टाकलं.

शे. बाहेर आली नाही. उंबऱ्याशी आली, खाली बसून फट होती तिथं हुंगलं, आणि परत गोधडीवर गेली. मी बाहेरून हाक मारली. आईनं मारली. नाही.

ताईचा फोन. झेंडू माळ्यावर चढलाय, उतरत नाही.


१५ ऑक्टोबर

दुपारी बाहेर आली. स्वयंपाकघर, समोरची खोली, जिना. सगळीकडे हुंगत फिरली. जिन्याच्या खालच्या पायरीवर बराच वेळ. मग थकली आणि तिथंच आडवी झाली. आईनं उचलून आणलं, लुगडं न बदलता, तशीच छातीशी धरून. म्हणाली, "हलकी झाली रे. कापसासारखी."

हिरड्या आज पांढऱ्यात जमा. उद्या मॅडमकडे.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

मॅडमनी रक्त पाहिलं. मागच्यापेक्षा कमी आहे, पण फार नाही. नवीन गोळी दिली. म्हणाल्या, खातेय, फिरतेय, तर चालू द्या. दिवाळीनंतर या.

संध्याकाळी बाबा दिवाळीसाठी माळा करायला बसले. शे. दारातून पाहत होती. आली नाही, पण पाहत होती. बाबांनीही बोलावलं नाही. रीळ मधे होतं, कोणी त्यावर नव्हतं, दोरा सरळ येत होता. तरी बाबांचा हात मधेच थांबायचा.

ताईचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, आई पलीकडे चिवडा भाजत होती. झेंडू माळ्यावरून उतरलाय. दूध-पोळी खाल्ली. दोन दिवस दुपट्ट्यावरच झोपतो. भाऊजींच्या ताटाजवळ जाऊन बसला, त्यांनी शिव्या दिल्या आणि मग तूप दिलं. चांगलं आहे.

मग ताई म्हणाली, "मंग याले वापस कवा नेता तुमी?"

सहज विचारलं तिनं. तिच्या लक्षात यायला एक क्षण गेला. बाबांनी सुई हारात तशीच ठेवली. झेंडू घरी यायचा दिवस कुठला, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि शेवंती दारात बसलेली होती.

पाहू, असं काहीतरी मी म्हणणार होतो.

आई झारा न थांबवता म्हणाली, "सांग तिले, आमाले घाई नाही म्हणा."